चौथं पेर

१

आमचं आणि सावळीरामभाऊंचं घर एकाच भिंतीचं. सिडकोतली ही योजनेतली घरं अशीच. इकडे खिळा ठोकला की तिकडचा फोटो हलतो. मग त्यांच्याकडं काय चाललंय ते मला कळतं, यात माझा काय दोष? आमचे हे म्हणतात, "तुला सिडकोनं भिंत नाही दिली, कान दिलाय."

तर त्या दिवशी सकाळी पलीकडून सावळीरामभाऊंची अशी आरोळी आली की मी कणकेचे हात तसेच घेऊन पळाले. वाटलं, कुणी पडलं-झडलं की काय. बघते तर भाऊ ओट्यावर मांडी घालून बसलेले, समोर गोणपाट, आणि गोणपाटावर सॅक्सोफोन! काळा पडलेला, हिरव्या गंजाचे ठिपके, वरचा मुलामा भाजल्या पापडासारखा फुगलेला. भोंग्याला हा एवढा पोचा.

"देवळाली कॅम्पच्या भंगारात होता, वहिनी," भाऊ म्हणाले. "कुण्या साहेबाचा बंगला रिकामा झाला. भंगारवाला म्हणे, पितळ म्हणून वितळवणार. मी म्हटलं, माझ्या मढ्यावरून वितळव!"

"शुभ बोला की जरा," आतून कुसाताई ओरडल्या. "घरात लग्न आहे."

लग्न त्यांच्या सायलीचं. एकुलती एक. निफाडचं स्थळ, द्राक्षबागवाले, माणसं चांगली. छत्तीस दिवस राहिले होते. मला बरोबर माहीत, कारण मी रोज अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. एका बोटाला तीन पेरं, चार बोटांची बारा, बारा त्रिक छत्तीस. माझ्या आईनं शिकवलेला हिशेब. शाळा आठवीत सुटली पण हा नाही सुटला. अजूनही कुणाचा हात समोर आला की माझा अंगठा आपोआप चालायला लागतो.

आता भाऊंच्या हाताचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाऊ पूर्वी कंपनीत कामाला आणि लग्नसराईत बँडमध्ये सॅक्स वाजवायला. अकरा वर्षांपूर्वी सातपूरला प्रेस मशीनखाली त्यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मुळाशी नुसते खुंट राहिले. अंगठा आणि करंगळी उरली. तेव्हापासून ते बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात, पण स्वतः एकदाही तोंडाला लावलं नाही.

आणि सायली तान्ही होती ना, झोपायची नाही. मग भाऊ तिला सॅक्सवर एक धून वाजवून दाखवायचे. त्यांचीच, तीन सुरांची. त्याच तीन बोटांची. आळीवाले वैतागले की वाद्य खाली ठेवायचे आणि तीच बोटं तिच्या पाठीवर वाजवायचे. एक. एक-दोन. एक-दोन-तीन. पोरगी गपगार.

त्या सकाळी सायली दारात आली, सॅक्स बघितला आणि म्हणाली, "बाबा, पाठवणीला मला ती रडकी गाणी नको. आपली धून पाहिजे. तुम्ही वाजवायची."

भाऊंनी डावा हात वर करून दाखवला. "या हातानं?"

"बरं, मग भिमाजीकाकांना शिकवा. पण सॅक्स हाच."

भिमाजी म्हणजे त्यांच्या जुन्या बँडचे मास्तर. भाऊ हसून "शिकवतो" म्हणाले. पण मी तिथंच उभी होते. मी त्यांचं तोंड बघितलं. त्यांना ती धून भिमाजीच्या बोटांतून नको होती.

२

काय मजेचे होते ते दिवस! मी स्वयंपाक उरकला की पलीकडं. आधी भाऊंनी सगळ्या चाव्या सोडवल्या. चावी म्हणजे बोटानं दाबायची दांडी. ती दाबली की लांबच्या भोकावर चामड्याची गोल गादी बसते आणि सूर बदलतो. अशा वीसेक. एकेक काढून थर्माकोलवर ओळीनं टोचून ठेवली. मग रंग उतरवायचं औषध लावलं. फुगलेला मुलामा साय निघावी तसा निघून आला.

"चिंच लावू का?" मी विचारलं. "आमची समई लख्ख होते."

"वहिनी, समईला फुंकत नाहीत," भाऊ म्हणाले.

पोटात लोखंडी गोळा घालून पोचे काढले. साबणाच्या पाण्यानं धुतला, मऊ फडक्यानं घासला, आणि असा निघाला म्हणून सांगू! नव्या नवरीसारखा. बिनचाव्यांचा, नुसतं पितळ आणि ओळीनं भोकं. भाऊ म्हणाले, आता कुणी हात लावायचा नाही, घामाचा डाग पडतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीतूनच हाक मारली. "वहिनी! हात लावलात ना?"

मी गेले. वरच्या तीन भोकांच्या काठांवर बोटांचे ठसे. स्वच्छ, रेघारेघांचे.

आता खरं सांगते, मी लावला होता. पण भोंग्याला. एकदाच, आदल्या संध्याकाळी, कुसाताई दळणाला गेल्या तेव्हा. मग मी काय म्हणणार? "चुकलं भाऊ," म्हणाले. भाऊंनी पुसलं. दोन दिवसांनी पुन्हा ठसे, तिथंच. या वेळी मी शपथेवर सांगितलं. कुसाताई हसल्या, "उज्वला, तुझी शपथ म्हणजे भाजीवाल्याचा तराजू."

पण मी ते ठसे नीट बघितले होते. काठाच्या बाहेर काहीच नव्हतं. आतल्या बाजूला होते ठसे. जसं कुणी आतून बाहेर यायला काठ धरावा.

मी स्वतःला सांगितलं, फडका आतून फिरवताना भाऊंचाच अंगठा लागला असेल. असंच असणार. दुसरं काय असतं?

३

भोकांचे काठ सपाट आहेत की नाहीत ते उजेडानं बघतात. आत दिवा सोडायचा, काठावर काच ठेवायची, फटीतून उजेड आला तर कानशीनं घासायचं. भाऊंकडं दिवाळीची माळ होती, पांढऱ्या बारीक दिव्यांची. भर दुपारी दोन वाजता दार लावलं, खिडकीला चादर बांधली, आणि माळ गळ्यातून आत सोडली.

अहाहा! अंधारात सगळ्या भोकांतून उजेडाचे खांब. छतावर गोल गोल चांदण्या. मी टाळ्याच वाजवल्या.

आणि वरचं पहिलं भोक लाल झालं.

विझलं नाही. लाल झालं. लहानपणी बॅटरीवर तळवा ठेवला की कसा हात आतून लाल दिसतो, अगदी तसं. उबदार, मांसाचं लाल.

"भाऊ, माळेत लाल दिवा आहे का?"

त्यांचा डावा हात हवेत होता, सॅक्सपासून वीतभर लांब. मूळ राहिलेल्या बोटांचे ते खुंट त्यांनी जरासे हलवले. वाजवणारा माणूस विचार करताना बोटं हलवतो ना, तसे. दुसरं भोक लाल झालं. मग तिसरं.

एक. एक-दोन. एक-दोन-तीन.

खुंट वर, तिन्ही भोकं पांढरी. खुंट खाली, तिन्ही लाल.

"वहिनी," भाऊ म्हणाले. आवाज पार लहान मुलासारखा. "वहिनी, माझी बोटं आलीत."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, पण भीतीचा म्हणाल तर नाही. आनंदाचा! अकरा वर्षं त्या माणसाला मी ओट्यावर बसून दुसऱ्यांची वाद्यं पुसताना बघितलंय. मी धावत जाऊन कुसाताईंना ओढून आणलं. दार उघडलं तसा उजेड आला, आणि त्यांना दिसली नुसती माळ.

"बाई गं, माळ खराब झाली असेल. बदलून आणा," म्हणाल्या आणि कुकर बघायला गेल्या.

नंतर मी ती माळ हातात धरून एकेक दिवा तपासला. पन्नास दिवे. सगळे पांढरे.

४

भाऊंनी ठरवलं. भिमाजीला बोलवायचं नाही. त्या तीन चाव्यांवर पितळेच्या उंच टोप्या कथलाचा डाग देऊन बसवायच्या, म्हणजे खुंट पोचतील. लोकांनी विचारलं तर तेच सांगायचं. "आणि पोचतीलही की हो," मला म्हणाले. "कदाचित माझं मलाच तसं वाटलं असेल. पण टोप्यांनी तर वाजेल ना?" मलाही ते बरं वाटलं. टोपी डोळ्याला दिसते.

मुंबईहून चामड्याच्या नव्या गाद्या आल्या. त्या बसवायच्या आदल्या दिवशी कुसाताई म्हणाल्या, "लग्नाला न्यायची वस्तू, तिला हळदकुंकू नको?"

"लावायचं तर आत्ताच लावा," भाऊ म्हणाले. "गाद्या बसल्या की कुंकवाचा कण आत जायला नको."

कुसाताईंचे हात लाडवाच्या पाकाचे. "उज्वला, तूच लाव गं."

मी कुंकवाचा करंडा घेतला. अनामिका बुडवली आणि तिसऱ्या भोकाच्या काठावर टेकवली. पितळ गुळगुळीत, बोट घसरलं. आत गेलं, पेरभर.

आत कुणीतरी माझ्या बोटाला बोट लावलं.

मऊ. गरम. टोकाला टोक. हळदकुंकवाला बायका एकमेकींना कशा हळूच लावून घेतात, कपाळ पुढं करून, तसं ते पुढं झालं आणि माझ्या बोटावरचं कुंकू त्यानं घेतलं.

आणि माझ्या तोंडून, बघा, घरातून निघणाऱ्या पोरीला कुंकू लावताना येतं ना, तेच आलं. तोंडाला सवयच ती. "जा हो, सुखानं नांद."

कुसाताई पोट धरून हसल्या. "अगं, सॅक्सला सासरी धाडतेस काय?"

मीही हसले. बोट बाहेर काढलं. टोकाला कुंकवाचा मागमूस नव्हता, आणि भोकाच्या काठावरही नव्हता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण समोर भाऊ स्पिरिटचा दिवा पेटवून लाख गरम करत होते, पहिली गादी तिच्या वाटीत चिकटवत होते, आणि शीळ घालत होते हो! अकरा वर्षांत पहिल्यांदा. सांगणार काय त्यांना? की तुमच्या बोटांना मी हात लावला?

दोन दिवसांत सगळ्या गाद्या बसल्या, सगळी भोकं झाकली. उजेड लावून बघितला. कुठूनही तिरीप नाही.

त्यानंतर रोज दुपारी भिंतीपलीकडं चाव्यांचा आवाज. फुंक नाही, सूर नाही, नुसतं चामडं पितळेवर बसतं तो टप टप. एक. एक-दोन. एक-दोन-तीन. मला कौतुक वाटायचं, काय सराव करतोय माणूस! एकदा राहवलं नाही म्हणून सरबत घेऊन गेले. कुसाताई दारातच तांदूळ निवडत होत्या.

"भाऊंना द्यायला आणलं. सराव चाललाय ना?"

"कसला सराव? ते सकाळपासून निफाडला. मांडववाल्याकडं."

आत पेटीत सॅक्स होता. पेटी बंद. मी उभी राहिले तोवर आवाज थांबला होता. उन्हानं पितळ तडकतं, चाव्यांच्या स्प्रिंगा नव्या आहेत, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला दहा वेळा सांगितलं. सरबत मीच प्यायले.

५

लग्न काय झालं म्हणून सांगू! निफाडचं कार्यालय, बाराचा मुहूर्त, जेवायला मांडे. सायली दृष्ट लागण्यासारखी. आणि पाठवणीच्या वेळी बँड थांबला, भाऊ पुढं आले, फेट्यात, गळ्यात तो लखलखीत सॅक्स.

भिमाजी मास्तर म्हणाले, "सावळ्या, गड्या, हसं करून घेऊ नको."

भाऊंनी तोंडाला लावला.

आई गं. तीनच सूर, पण असे की वाढपी परात धरून उभे राहिले. व्याह्यांकडच्या म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. पोरांनी फोन वर धरले. भिमाजी टोप्यांकडं बघत म्हणाले, "काय डोकं लावलंय रे!" मी रडत होते आणि हसत होते. आणि नाक खुपसायची सवय, म्हणून अगदी जवळ जाऊन उभी होते. म्हणून मला दिसलं की खुंट टोप्यांना टेकतच नाहीयेत. मध्ये बोटभर अंतर. चाव्या आपल्या खाली जातायत, वर येतायत.

बँडवाल्यांची एक रीत आहे. पाठवणीची धून नवरीची गाडी वळेपर्यंत थांबवायची नाही. मध्येच तुटली तर अपशकुन. भाऊ वाजवत राहिले. सायली गाडीपर्यंत गेली, आणि तिथून परत पळत आली. साडी सावरत, मळवट विस्कटलेला. "बाबा!" म्हणाली आणि तिनं त्यांचा डावा हात धरला, चाव्यांवरचा, आपल्या दोन्ही हातांत. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा.

धून थांबली नाही. नुसती फुंक चालू राहिली, एकच उघडा सूर, कुठलीही चावी न दाबता येतो तो.

सायलीच्या मेंदीच्या हातांतून तीन बोटं बाहेर आलेली मला दिसली. पूर्ण बोटं, नखांसकट. गोरी, सडसडीत, तिच्या मनगटावर घट्ट मिटलेली. तिसऱ्याच्या टोकाला कुंकू. माझं कुंकू.

माझं काळीज आनंदानं उडालं. मिळाली, भाऊंची बोटं मिळाली! आणि माझा अंगठा, मेला, सवयीनं चालू लागला. एक पेर. दोन. तीन.

चार.

मी पुन्हा मोजली. दुसऱ्या बोटाला. चार. तिसऱ्याला, कुंकवाच्या बोटाला. चार.

सायली वळली, पदर मध्ये आला, ती गाडीत बसली. भाऊंच्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. गाडी वळली. भाऊंनी खुंट हलवले. एकही चावी हलली नाही. तो एक उघडा सूर श्वास संपेपर्यंत वाजला आणि बंद पडला.

६

भाऊंना वाईट वाटलं नाही. सॅक्स पेटीत ठेवला, म्हणाले, "टोप्यांचा डाग सुटला असेल. जाऊ द्या वहिनी, जिच्यासाठी होतं तिनं ऐकलं." मी टोप्या हलवून बघितल्या. पक्क्या होत्या. भिंतीपलीकडची टप टप बंद झाली. दुपारी इतकं शांत की मला झोप लागेना.

बाराव्या दिवशी, दुपारी अडीचला, सायलीचा फोन. मला! माझा आनंद काय विचारता.

"काकू, तुला म्हणून सांगते," ती कुजबुजली, पण आवाजात हसू मावत नव्हतं. "आईला सांगू नको, रडेल. मी दुपारी जेवून आडवी झाले ना की पाठीवर... ओळख पाहू!"

"काय गं?"

"एक. एक-दोन. एक-दोन-तीन. बाबाच गं काकू! पहिल्या दिवशी वाटलं भास आहे. पण रोज! इतकी गाढ झोपते मी."

"तुझा नवरा असेल."

"हे बागेत असतात. घरात सगळे झोपलेले. दाराला कडी."

मी खाटेवर बसले. "सायली. नुसती बोटं ना? तीनच ना?"

"आधी तीनच होती, टोकं टोकंच लागायची. आता अख्खा हात असतो. काल तर मानेवरचे केस बाजूला केले, अगदी हळू. बाबा पण असंच करायचे ना?"

भाऊ असं कधी करत नव्हते. मी शेजारी आहे, मला माहीत आहे.

"थांब, तुला ऐकवते," ती म्हणाली. "मी पालथी होते, फोन पाठीशी धरते हं."

कापडाची सळसळ झाली. मग तिचा श्वास, लांबून, संथ. मग टप. टप-टप. टप-टप-टप. मी श्वास रोखून मोजत होते. क्षणभर काही नाही. आणि मग टप-टप-टप-टप.

"बघितलंस?" ती झोपाळू आवाजात म्हणाली. "नवीन शिकलेत."

माझ्या दारात सावली पडली. सावळीरामभाऊ, हातात लाडवांची ताटली, उरलेले वाटत होते. फोन बघून त्यांचं तोंड फुललं. "सायली का? आमच्याआधी तुम्हाला फोन! काय म्हणतेय पोर?"

फोनमध्ये टप टप चालूच होती. भाऊ ताटली धरून वाट बघत होते, त्या अंगठ्यानं आणि त्या करंगळीनं.

"सुखानं नांदतेय म्हणते," मी म्हणाले.